इंदुरातील शेणविद्या

इंदूर पाहावयास जाणाऱ्या महाराष्ट्रीय प्रवाशाचा क्रम बहुधा ठरलेला असतो. राजवाडा पाहावा, छत्रीबागेत होळकरांच्या छत्र्यांपुढे घटकाभर उभे राहावे, रात्री सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस आणि कढत जिलेबी खावी, आणि फार तर एक दिवस काढून महेश्वरास अहिल्याबाईंच्या घाटावर नर्मदास्नान करून परतावे. हा क्रम उत्तमच आहे. मीही तो पाळला. परंतु ज्या विद्येमुळे इंदूरचे नाव इंग्लंड-अमेरिकेतील बागाईतदारांच्या तोंडी बसले, तिला या क्रमात जागा नसते. ती विद्या शेणाची आणि कचऱ्याची होय. इंग्रजी शेतकी ग्रंथांतून 'इंदूर पद्धती' हा शब्द आज नव्वद वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे, आणि इंदुरात चार दिवस राहून आलेल्या आपल्याकडील दहा सुशिक्षितांस विचारले तर नवांना त्याचा पत्ता नसतो.

कौटुंबिक मासिकात हा विषय कशास, असे एखादे वाचक म्हणतील. पण ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत दिवस अंगणातील सड्याने उगवत असे आणि श्रावणीस पंचगव्याची पळी हातावर पडल्यावाचून जानवे बदलत नसे, त्या घरांतील मंडळींनी तरी या पदार्थाकडे पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही.

मुंबई-आग्रा रस्त्याने धुळे सोडले की दोन्ही बाजूंस काळी जमीन लागते. शिरपूर गेले, सातपुड्यातील बिजासनचा घाट चढून सेंधवा आले, पुढे खलघाटास नर्मदा ओलांडून मानपूरच्या चढणीने गाडी माळव्याच्या पठारावर आली, तरी एक दृश्य सबंध रस्ताभर सोबत करते. गावाच्या शिवेवर, घरांच्या पाठीमागे, कुंपणाच्या कडेने गोवऱ्यांच्या राशी रचलेल्या असतात. आमच्याकडे त्यांस कलवड म्हणतात, कोठे हुडवी म्हणतात. माळव्यात गोवरीचाच कंडा होतो. भिंतीवर थापलेल्या ओल्या गोवऱ्यांकडे नीट पाहावे. प्रत्येकीवर पाच बोटे उमटलेली असतात आणि ती बहुतेक बायकांचीच असतात. या पाच बोटांचा हिशेब कोणत्याही खतावणीत नसतो.

शेणाचे उपयोग मोजावयास बसले तर आपल्या आज्या-पणज्यांनी ज्यास हात घातला नाही असे थोडेच निघेल. मातीची भुई चोपणीने चोपून झाली की तिच्यावर सारवण पाहिजेच. नुसती मातीची जमीन वाळली की तडकते आणि तिची धूळ उडते. शेणात न पचलेल्या चाऱ्याचे जे बारीक तंतू असतात ते मातीस धरून ठेवतात, म्हणून सारवलेली भुई तडकत नाही. पाणी बेताचे, शेण ताजे, आणि हात अर्धवर्तुळात फिरलेला, एवढी तीन सूत्रे जिला साधली तिचे सारवण पाहत राहावे असे होई. कणग्या आतून-बाहेरून लिंपावयाच्या त्या शेणानेच. सुपे व टोपल्या सारवल्या की त्यांच्या फटींतून नाचणी-बाजरीसारखे बारीक धान्यही गळत नाही. खळे सारवले की मळणीच्या धान्यात माती येत नाही. खानदेश-माळव्यातील कापूसवाले पेरणीपूर्वी सरकी शेणकाल्यात चोळीत, त्यामुळे तिच्यावरील तंतू बसून बी सुटे होई व पाभरीच्या नळ्यातून एकेक खाली जाई. गोवरी जाळून तिची राखुंडी करावी व तिने दात घासावेत, हे तर आज साठी उलटलेल्या अनेकांनी स्वतः केलेले आहे.

माळव्यात याखेरीज दोन गोष्टी विशेष आहेत. पितृपक्षात, ज्याला आपण भाद्रपद वद्य म्हणतो आणि तिकडे आश्विन कृष्ण म्हणतात, कुमारिका रोज संध्याकाळी घराच्या भिंतीवर शेणाची 'संजा' काढतात. चंद्र-सूर्य, पंखा, चौपट, असे रोज नवे चित्र बोटांनी शेणाच्या रेघांत घडवावयाचे आणि त्यावर गुलबास, झेंडू, कण्हेर यांच्या पाकळ्या चिकटवावयाच्या. शेवटी सगळी मिळून 'किलाकोट' नावाची मोठी कोटाची आकृती होते व अमावास्येनंतर सर्व शेण खरवडून नदीत सोडतात. आपल्या हादग्याची किंवा भुलाबाईची ही बहीणच म्हणावी. मुलींची गाणी, खिरापत आणि सासर-माहेराचा हेवादावा तिकडेही तसाच आहे. दुसरी गोष्ट बाफल्याची. जाड कणकेचे गोळे हळदीच्या पाण्यात उकडून कंड्यांच्या निखाऱ्यात भाजावयाचे, फोडून तुपात बुडवावयाचे आणि वरणाबरोबर खावयाचे. कंड्याची आंच मंद आणि चौफेर लागते. लाकडाच्या जाळावर गोळा बाहेरून करपतो व आत कच्चा राहतो. मी दोन्ही प्रकारचे खाल्ले आहेत आणि याबाबतीत माळवी लोकांचा हट्ट मला पटतो.

आता मूळ विषयाकडे वळतो. सर आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली हिंदुस्थान सरकारच्या नोकरीत आले. त्यांची पहिली बरीच वर्षे बिहारातील पुसा येथे गेली. त्यांची पत्नी गॅब्रिएल ही स्वतः उत्तम वनस्पतिशास्त्रज्ञ होती व दोघांचे संशोधन जोडीनेच चाले. पुसा येथे त्यांस जाचणारी गोष्ट ही, की तेथे एक जण कीड पाही, दुसरा माती पाही, तिसरा बियाणे पाही. संपूर्ण पीक म्हणून कोणीच पाहत नसे. म्हणून त्यांनी वेगळ्या संस्थेचा आग्रह धरला. मध्यवर्ती कापूस समितीने पैसा दिला, मध्य हिंदुस्थानातील संस्थानांनी हातभार लावला, होळकर दरबाराने इंदुराजवळ तीनशे एकर जमीन दिली, आणि १९२४ साली 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' उभी राहिली. पुढे तेथेच कृषि-महाविद्यालय झाले.

या संस्थेपुढे प्रश्न साधा होता. माळव्याची जमीन काळी, कसदार, पण थकत चाललेली. तिला खत पाहिजे. शेतकऱ्याजवळ खत म्हणजे शेण, आणि त्या शेणाचा मोठा वाटा चुलीत जातो. गोवरी जळाली की तिच्यातील नत्र धुराबरोबर आकाशात जाते. राखेत पालाश आणि थोडे स्फुरद उरते एवढेच. ज्या सेंद्रिय द्रव्याने माती भुसभुशीत राहते आणि पाणी धरते ते तर समूळ नाहीसे होते. 'शेण जाळू नका' असे सांगणारे साहेब त्यापूर्वीही पुष्कळ झाले होते. परंतु ज्या बाईच्या घराभोवती चार-चार कोस लाकूड नाही तिने भाकरी कशावर भाजावी, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. हॉवर्डसाहेबांचा शहाणपणा असा की त्यांनी उपदेश न करता निराळे गणित मांडले. शेण थोडेच मिळणार असे गृहीत धरावे आणि तेवढ्याच शेणात शेतातील निरुपयोगी काडीकचरा कुजवून खत किती पटींनी वाढविता येईल ते पाहावे.

ती कृती अशी आहे. तुरीच्या व कापसाच्या पळाट्या कठीण असतात. त्या रस्त्यावर पसरून ठेवावयाच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा आपोआप चुरा होतो. (ही युक्ती मला फार आवडली. कोणतेही यंत्र नाही, मजुरी नाही, आणि रस्त्याची धूळही दबते.) हा चुरा, तण, पालापाचोळा रात्री गोठ्यात बैलांच्या पायांखाली अंथरावयाचा, सकाळी तो शेणामुताने भिजलेला असा उचलावयाचा. गोठ्याची भुई मातीची ठेवावयाची व मूत शोषलेली ती माती ठरावीक मुदतीने खणून काढून खतात मिसळावयाची. आपल्याकडे गोठ्याला फरशी बसवून गोमूत्र गटारात सोडण्यात जी प्रतिष्ठा मानली जाते, तिच्या नेमके उलट हे आहे. मग तीस फूट लांब, चौदा फूट रुंद, आणि माणसाच्या कमरेपर्यंतही न येणारे उथळ खड्डे. त्यांत या सर्वांचे थर, मधून मधून लाकडाची राख, आणि वर शेणाच्या पातळ काल्याचा शिडकावा. वनस्पतिज भाग तीन, तर शेणाचा भाग एक. खड्डा तुडवून दाबावयाचा नाही, कारण आतील जीवजंतूंस हवा पाहिजे. पाणी बेताचे, कारण पाणी अधिक झाले तरी हवा बंद होते. तीन वेळा वरखाली करावयाचे: पहिल्यांदा पंधरवड्याच्या सुमारास, मग महिन्याने, मग दुसऱ्या महिन्याच्या शेवटी. आधी बुरशी येते, ढीग हात लावता येणार नाही इतका तापतो, मग हळूहळू निवतो, आणि तीन महिन्यांत काळे, मोकळे, मातीचा वास येणारे खत तयार होते. शेणाचा वास त्यास उरत नाही. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी साचते, म्हणून तेव्हा जमिनीच्या वर ढीग रचावयाचे.

आपला उकिरडा यांहून निराळा तो एवढ्याच बाबतींत. उकिरड्यात आपण टाकतो, रचीत नाही. टाकतो आणि वर्षभर विसरतो. पावसाने त्याचे सत्त्व वाहून जाते, उन्हाने वाळते, आणि माशांची पैदास होते ती वेगळीच.

१९३१ साली या पद्धतीवर जो ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत: आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड हे संस्थेतील रसायनशाखेचे काम पाहत. आडनाव वाचूनच आपल्यापैकी कोणासही ते घरचे वाटेल. हॉवर्ड त्याच वर्षी विलायतेस परत गेले. त्यापूर्वीच १९३० साली गॅब्रिएलबाई वारल्या होत्या. पुढे त्यांस 'सर' हा किताब मिळाला, १९४० साली त्यांचा 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट' हा ग्रंथ निघाला, आणि आज ज्यास सेंद्रिय शेती म्हणतात तिच्या आद्य पुरुषांत त्यांची गणना होऊ लागली. स्वतः हॉवर्डसाहेब मात्र उसने घेतलेले कबूल करणारे होते. हिंदी शेतकरी आणि पिकांवरील किडी यांसच ते आपले गुरू म्हणवीत. चिनी शेतकऱ्यांची खताची रीत अमेरिकन लेखक किंग यांच्या १९११ सालच्या पुस्तकातून त्यांस कळली, हेही त्यांनी लपविले नाही. एवढे असूनही जगाच्या लक्षात राहिले ते एकच नाव. जोडीने छापलेल्या नावांपैकी दुसरे नाव इतक्या लवकर गळून पडावे, आणि ते उचलून धरण्याचे आम्हां महाराष्ट्रीयांसही सुचू नये, याचे मला वाईट वाटते. पुण्या-मुंबईच्या कितीएक सुशिक्षितांस अमेरिकेतील सेंद्रिय शेतीची नियतकालिके ठाऊक आहेत; वाडांचे नाव त्यांनी ऐकलेले नसते.

१९३५ साली हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने महात्माजी इंदुरास आले तेव्हा त्यांनी हे खड्डे मुद्दाम जाऊन पाहिले आणि पुढे 'हरिजन' पत्रातून या पद्धतीचा पुरस्कार केला. त्यांस तीत रस असण्याचे कारण केवळ शेतकीचे नव्हते. घाण उचलणे हे ज्याचे काम तो हलका, आणि घाण करणारा तो श्रेष्ठ, ही समजूत मोडावयाची तर घाण हे धन आहे हे डोळ्यांनी दाखविले पाहिजे, असा तो विचार होता.

या ठिकाणी आपल्या घरांविषयी दोन शब्द स्पष्ट लिहिणे भाग आहे. आपण शेणास पवित्र मानले. पंचगव्यात घेतले, होमकुंड सारविले, ताटाखालची जागा शुद्ध केली. पण ते गोठ्यातून उचलून आणणारा हात कोणाचा होता? तो घरच्या धाकट्या सुनेचा असे, नाही तर केशवपन करून माजघराच्या कोपऱ्यात ढकललेल्या आत्याबाईचा, नाही तर ओसरीपलीकडे जिला येण्याची मुभा नव्हती त्या मोलकरणीचा. आणि पुण्यात सावित्रीबाई फुले मुलींच्या शाळेत शिकवावयास निघत, तेव्हा त्यांच्या अंगावर ज्यांनी शेण फेकले त्यांस त्या क्षणी त्याचे पावित्र्य आठवले नाही. सावित्रीबाई पिशवीत दुसरे लुगडे घेऊन जात, असे सांगतात. उलट बाजूचे एक उदाहरणही आपल्यातच आहे. अप्पासाहेब पटवर्धन हे एम. ए. झालेले, रत्नागिरीकडील ब्राह्मण. त्यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून अन्नत्याग केला, आणि पुढे कणकवलीस गोपुरी आश्रम काढून शौचकूप, सोनखत व शेणाचा वायू यांवर आयुष्य वेचले. कोकणात आंबे-फणसांच्या मोसमात जाणाऱ्यांनी गोपुरीकडे वाट वाकडी करावी.

पावित्र्याच्या भरात होणारा दुसरा घोटाळा प्रकृतीचा. भुईस चांगले ते जखमेस चांगले, असे नाही. शेणात धनुर्वाताचे बीज असू शकते, आणि नवजात अर्भकाच्या नाळेस शेण वा राख लावण्याच्या रूढीने पूर्वी किती बाळे दगावली असतील याचा अंदाज करवत नाही. लशी, दवाखान्यातील बाळंतपणे आणि स्वच्छ नाळ यांमुळे २०१५ साली आपला देश अर्भकांच्या धनुर्वातातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. तरीही २०२१ च्या साथीत गुजरातेत काही मंडळी अंगास शेण फासून बसली व डॉक्टरांस त्याविरुद्ध इशारा द्यावा लागला. शास्त्राचा आधार सांगून शेणाच्या गुणांची जी पत्रके हल्ली घरोघरी फिरतात, त्यांपैकी बहुतेक वाचून मला आपल्या आजीचा शहाणपणा आठवतो. तिने जन्मभर सारविले, पण कापलेल्या बोटास हळदच लावली.

नव्या काळातील शेणाचे कौतुक पाहावयाचे तर इंदुरात ते देवगुराडियाच्या टेकडीखाली आहे. निदान नावाने तरी आहे. एके काळी सबंध शहराच्या कचऱ्याचा डोंगर जेथे साचला होता, त्या जागी १९ फेब्रुवारी २०२२ रोजी एक मोठा वायुनिर्मितीचा कारखाना सुरू झाला. त्यास 'गोबरधन' प्रकल्प म्हणतात. वस्तुतः आत जातो तो घरोघरचा ओला कचरा: भाजीची देठे, शिळे अन्न, फळांच्या साली. दिवसाला साडेपाचशे टन कचरा पचविण्याची त्याची क्षमता असून त्यापासून सतरा हजार किलो वायू व शंभर टन खत मिळावे अशी योजना आहे. हा वायू शहरातील बसगाड्यांस पुरविला जातो. हवाबंद टाकीत जंतूंकडून अन्न कुजवून घ्यावयाचे, ही युक्ती गाईच्या पोटातलीच आहे. तेवढ्यापुरते 'गोबर' हे नाव खोटे नाही. यातले खरे श्रम मात्र यंत्राचे नव्हेत. ओला व सुका कचरा घरातच वेगळा ठेवावा लागतो आणि तो वेगळा ठेवते घरातील स्त्री. सवय लागली म्हणून इंदूर २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छ शहरांत पहिले येत राहिले. ज्या वाड्यात मी उतरलो होतो तेथील सूनबाईंच्या स्वयंपाकघरात तीन डबे होते आणि चुकीच्या डब्यात साल टाकणाऱ्या पाहुण्याची गय नव्हती.

शेणाचा रंगही २०२१ पासून खादी-आयोगाने बाजारात आणला आहे, आणि छत्तीसगडात २०२० साली सरकारने दोन रुपये किलोने शेण विकत घेण्याची योजना काढली होती. हे प्रयोग चांगले की वाईट हे काळ ठरवील. परंतु त्या सर्वांत जुना व टिकाऊ असा प्रयोग घरगुती गोबरवायूचा होय. १९५१ च्या सुमारास जशभाई पटेल यांनी 'ग्रामलक्ष्मी' यंत्र बनविले, पुढे खादी-आयोगाने ते गावोगाव नेले. त्यात शेण व पाणी समभाग कालवून टाकीत सोडतात; हवा न मिळाल्याने ते आत आंबते, व जो वायू निघतो तो निळ्या ज्योतीने, धुराशिवाय जळतो. आणि मुख्य म्हणजे हॉवर्डसाहेबांची अडचण येथे सुटते. गोवरी जाळली की नत्र गेले. येथे वायू जळतो, नत्र मागे उरलेल्या रबडीत शिल्लक राहते. चूलही पेटली आणि शेतही उपाशी राहिले नाही. धुराने डोळे व छाती गमावलेल्या बायकांस याचे मोल सांगावयास नको.

महूच्या रस्त्यावरील एका खेड्यात तीन पिढ्यांपूर्वी साताऱ्याकडून गेलेले एक कुटुंब राहते. घरात मराठी बोलतात, पण बोलण्याचा हेल माळवी झाला आहे. त्यांच्या परसात असे यंत्र आहे. मोठ्या काकूंनी मला त्याचा हिशेब सांगितला तो असा: पंचवीस किलो ओल्या शेणापासून सुमारे एक घनमीटर वायू होतो, आणि पाच-सहा माणसांच्या दोन वेळच्या स्वयंपाकास दोन घनमीटर तरी पाहिजेत. म्हणजे शेण पन्नास किलो. एक जनावर दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण देते, तेव्हा दावणीला पाच जनावरे हवीत. पूर्वी त्यांच्याकडे दोन बैल, दोन गाई व एक म्हैस होती. ट्रॅक्टर आला आणि बैल गेले. म्हैस गेल्या वर्षी विकली. आता दोन गाईंच्या शेणावर सकाळचा चहा, दूध आणि वरणभात होतो. टाकीतून निघणारी रबडी पाटाने लसणाच्या वाफ्यांस जाते, आणि तो लसूण बाजारात चार पैसे अधिक मिळवितो असे काका म्हणाले. संध्याकाळच्या पोळ्या सिलिंडरवर होतात. बाफल्यांसाठी मात्र काकूंनी परसातील भिंतीच्या आडोशास दोनशे-अडीचशे गोवऱ्या झाकून ठेवल्या आहेत, आणि त्यांस हात लावण्याची कोणास परवानगी नाही.